खोकला, वाढलेले इओसिनोफिल आणि डॉक्टर म्हणतात जंत! मग शौचाचा रिपोर्ट निल कसा?

मोरपिसारा
नमस्कार मंडळी. लेक साडेचार वर्षांची. बरेच दिवस कोरडा खोकला, रात्री जास्त, मधूनच छातीत घरघर. ताप किरकोळ. खोकल्याची औषधं झाली, उपयोग शून्य. शेवटी रक्त तपासलं तर इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) भरपूर वाढलेले, आणि एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला पुसट डाग. माझ्या डोक्यात लगेच टीबी. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "जंतांच्या अळ्या फुप्फुसातून जात असाव्यात. लोफ्लर सिंड्रोम." शौच तपासून घेतलं, त्यात काहीच नाही. एक अंडंसुद्धा नाही.

जंत पोटात असतात ना? मग खोकला कुठून आला? आणि असतीलच तर शौचात का दिसले नाहीत? बरं, जंताची गोळीही लगेच दिली नाही. घरघरीसाठी औषध दिलं आणि "अडीच-तीन महिन्यांनी शौच पुन्हा तपासू" म्हणाले. सासूबाई म्हणतात गोड बंद करा, नवरा म्हणतो डॉक्टर बदला. कुणाला याचा अनुभव आहे का?

शंकासुर
नवऱ्याचं ऐका. जंत आहेत म्हणायचं आणि गोळी द्यायची नाही, हा कुठला न्याय? एका गोळीचं तर काम आहे.

काडेपेटी
जेवताना उघडू नये अशी पाटी लावा हो या धाग्यावर.

सूक्ष्मदर्शी
मोरपिसारा ताई, तुमचे डॉक्टर बरोबर दिशेने चाललेत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, पण या प्राण्याशी रोजचा संबंध आहे म्हणून सांगते.

मोठा गोल जंत, म्हणजे अ‍ॅस्कॅरिस, याची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातांतून किंवा कच्च्या भाजीवरून तोंडात जातात. लहान आतड्यात अंडं फुटतं आणि अळी बाहेर येते. आता तिथेच राहून मोठं व्हायला काय हरकत होती? पण नाही. ती आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून जाते, हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात पोचते. तिथे १० ते १४ दिवस वाढते. मग वायुकोश फोडून श्वासनलिकेत येते, वर चढत घशापर्यंत, आणि आपण तिला थुंकीबरोबर गिळतो. दुसऱ्यांदा आतड्यात आली की मगच तिचा मोठा जंत होतो.

तुमच्या लेकीचा खोकला आहे तो या मधल्या प्रवासाचा. शरीर अळ्यांवर चिडतं, इओसिनोफिल धावून जातात, एक्स-रेवर डाग दिसतात. आणि शौचात अंडी कशी दिसणार? अंडी घालणारी मादी अजून तयारच व्हायची आहे! अंडं गिळल्यापासून नवीन मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. "निल" म्हणजे जंत नाहीत असं नव्हे, अजून अंडी नाहीत एवढंच.

शंकासुर, गोळीचंही तेच. अल्बेंडाझोल, म्हणजे जंताची नेहमीची गोळी, आतड्यातल्या जंताला नीट लागू पडते. फुप्फुसात फिरणाऱ्या अळीवर त्या एका गोळीचा भरवसा धरता येत नाही. म्हणून अळ्या आतड्यात उतरून मोठ्या होऊ देतात, मग गोळी.

शंकासुर
म्हणजे मुलीच्या पोटात जंत मोठे होऊ द्यायचे? ऐकायला भयंकर आहे.

सूक्ष्मदर्शी
ऐकायला आहेच. पण आज गोळी देऊन "झालं काम" म्हणून सोडून दिलं आणि अळ्या मागाहून खाली उतरल्या, तर ते जास्त वाईट. काही डॉक्टर आत्ता एक आणि नंतर एक अशीही देतात. मुद्दा नंतरची तपासणी न चुकवण्याचा आहे.

टिटवी
थांबा थांबा. अळी घशातून वर येते आणि आपण ती परत गिळतो?? हे वाचल्यापासून मी आवंढा गिळायचा बंद केलाय.

काडेपेटी
@टिटवी, मग किती वेळ झाला? आणि आता तोंडात काय आहे?

अण्णा_उवाच
या प्रवासाचा शोध कसा लागला तेही ऐकण्यासारखे आहे. जंत माणसाला प्राचीन काळापासून ठाऊक. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय नावही नोंदवले. पण अळी फुप्फुसातून फेरफटका मारून येते हे माणसात सिद्ध व्हायला १९२२ साल उजाडावे लागले. शिमेसु कोइनो नावाच्या जपानी बालरोगतज्ज्ञाने एका स्वयंसेवकाला अंडी दिली आणि स्वतःही गिळली. पुढे स्वतःच्याच थुंकीत त्याला अळ्यांचा सुकाळ दिसला. विल्हेल्म लोफ्लर या स्विस वैद्याने १९३२ मध्ये ते येणारे-जाणारे एक्स-रेवरचे डाग आणि वाढलेले इओसिनोफिल एकत्र मांडले, म्हणून नाव त्याचे.

आताच्या काळात कोणत्याही एथिक्स कमिटीने कोइनोला दारातूनच परत पाठवले असते.

टिटवी
अण्णा, "सुकाळ" हा शब्द इथे वापरल्याबद्दल तुमचा निषेध.

पानगळ
मोरपिसारा, घाबरू नकोस. माझ्या भाच्याला अगदी हेच झालं होतं. पहिल्या एक्स-रेत डाग एका बाजूला, आठवड्याने काढला तर तो गायब आणि दुसरीकडे नवीन! आमची फुल टरकली होती, पण डॉक्टर उलट खूश झाले. डाग असा जागा बदलतोय म्हणजे न्यूमोनिया किंवा टीबीपेक्षा हेच असण्याची शक्यता जास्त, म्हणाले. खोकला आपोआप ओसरला.

आणि सासूबाईंना सांग, गोडाने जंत होत नाहीत. अंडं पोटात गेल्याशिवाय जंत होत नाही, मग साखर खा नाहीतर मीठ. झोपेत दात खाणं म्हणजे जंत, हेही तसंच. माझा नवरा लग्नापासून दात खातोय. जंताच्या गोळ्या देऊन झाल्या, दात चालूच.

अण्णा_उवाच
गोडावर बंदी घातल्याने जंत जात नाहीत हे खरे. पण सासूबाईंना हे सांगताना पानगळ यांनी स्वतः हजर राहावे.

मोरपिसारा
😄 सूक्ष्मदर्शी ताई, खूप खूप आभार. आत्ता कुठे डोक्यात प्रकाश पडला. एक विचारू? धाकटा दोन वर्षांचा आहे, दोघं एकाच ताटात हात घालतात. त्याला तिच्याकडून लागण होईल का?

सूक्ष्मदर्शी
या जंताची थेट तिच्याकडून नाही. ताज्या शौचातलं अंडं लागण करू शकत नाही. आत गर्भ वाढून अळी तयार व्हायला त्याला उबदार, ओलसर मातीत दोन ते चार आठवडे लागतात. पण दोघं एकाच मातीत खेळत असतील तर तिला जिथून मिळालं तिथून त्यालाही मिळालेलं असू शकतं. त्याच्याबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारा, दोन वर्षांखालच्या मुलांचा डोस निम्मा असतो.

लोक इथे सूतकृमीशी गल्लत करतात. ते बारीक पांढरे, रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे. त्यांची अंडी काही तासांतच लागण करण्याजोगी होतात, म्हणून तिथे सगळ्या घराने एकदम औषध घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं. चादरी-कपडे धुणं, नखं कापणं वेगळंच. आणि सूतकृमीची अंडी शौचाच्या तपासणीत बहुधा सापडत नाहीत. सकाळी अंघोळीआधी गुदद्वाराशी चिकटपट्टी लावून घ्यावी लागतात.

रिकामटेकडा७
आमच्याकडे सगळ्या दारांना सॅनिटायझर टांगलेत. त्यामुळे आम्ही सेफ.

सूक्ष्मदर्शी
नाही ना! अ‍ॅस्कॅरिसचं अंडं सॅनिटायझरला भीक घालत नाही. पाण्यातल्या क्लोरीनलाही नाही. अहो, लॅबमध्ये ही अंडी पातळ फॉर्मॅलिनमध्ये ठेवून वाढवतात, कारण फॉर्मॅलिन बुरशी-जिवाणू मारतं आणि हा पठ्ठ्या आत मजेत वाढत राहतो. जुन्या, जपून ठेवलेल्या नमुन्यातही हलणारी अळी दिसू शकते. त्याचं कवचच तसं आहे. भिंगाखाली सोनेरी-तपकिरी गोल दिसतो, भोवती जाडसर खडबडीत काठ, फणसासारखा. तो तपकिरी रंग पित्ताचा चढलेला असतो. काम सुरू केलं तेव्हा मला ते चक्क देखणं वाटलं होतं, घरी सांगितल्यावर कुणी जेवेना.

हाताला साबण आणि वाहतं पाणी. साबणाने अंडं मरत नाही, निघून जातं, आणि तेवढं पुरतं. उष्णतेने मात्र मरतं, नीट शिजलेल्या अन्नाची चिंता नाही. मातीत पडलेलं अंडं अनुकूल जागी वर्षानुवर्षं टिकतं.

काडेपेटी
फणस गेला. अजून काय काय घेणार आहात आमच्याकडून?

खारा_वारा
थोडं अवांतर, पण गोल जंतांच्या अळ्यांचाच विषय आहे म्हणून. मी जहाजावर असतो. एकदा एका सहकाऱ्याने बंदरावर कच्चा मासा खाल्ला आणि काही तासांत पोटाच्या वरच्या भागात अशा कळा सुरू झाल्या की आम्हाला वाटलं हार्ट अ‍ॅटॅक. एंडोस्कोपी केली तर जठराच्या भिंतीत डोकं खुपसलेली दोनेक सेंटिमीटरची पांढरी अळी. चिमट्याने काढली आणि गडी तासाभरात ठीक! अ‍ॅनिसाकिस. खरं तिला सील, देवमासे यांच्या पोटात जायचं असतं. आपल्यात ती मोठी होऊच शकत नाही, वाट चुकलेला प्रवासी.

लिंबू, व्हिनेगर, मीठ लावून ती मरत नाही हे लक्षात ठेवा. एकतर नीट शिजवा, नाहीतर उणे २० अंशांखाली सात दिवस गोठवलेला घ्या. घरच्या फ्रीजरवर विसंबू नका, बरेचसे तेवढे थंड नसतात. नेदरलँड्समध्ये हेरिंग माशातून हा रोग १९६० च्या सुमारास ओळखला गेला, आणि १९६८ मध्ये त्यांनी हेरिंग गोठवणं कायद्याने बंधनकारक केलं. त्यानंतर तिथे हा आजार जवळपास दिसेनासा झाला.

टिटवी
म्हणजे मासाही गेला.

नुसताच_वाचक
बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलंय, कारण एक गोष्ट सांगणं गरजेचं वाटलं. माझ्या वडिलांना दम्यासारखी घरघर आणि इओसिनोफिल वाढलेले होते. जंतांचा विचार कुणी केला नाही, सरळ स्टेरॉइड सुरू केलं. थोडं बरं वाटलं आणि मग एकदम सगळं बिघडलं. पोट फुगलं, रक्तात जिवाणू, आयसीयू. तिथल्या एका तरुण डॉक्टरच्या डोक्यात आलं म्हणून कफ तपासला, त्यात अळ्या. स्ट्राँगिलॉइडिस. वडील वाचले, पण कसेबसे.

हा वेगळा गोल जंत आहे, एवढासा. मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो. याच्या अंड्यांतून अळ्या आतड्यातच बाहेर पडतात, आणि त्यातल्या काही शरीराबाहेर न जाताच पुन्हा आत शिरतात. त्यामुळे एकदा झालेली लागण उपचाराविना दशकानुदशकं राहू शकते. दुसऱ्या महायुद्धात अतिपूर्वेत युद्धकैदी असलेल्या सैनिकांमध्ये ती युद्धानंतर कित्येक दशकांनी सापडली आहे. एरवी माणसाला पत्ता नसतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की मात्र अळ्या मोकाट सुटतात.

मोरपिसारा, तुमच्या मुलीला हेच आहे असं अजिबात म्हणत नाही. पण कुणी स्टेरॉइडचं नाव काढलं तर "आधी स्ट्राँगिलॉइडिस पाहिलंत का?" एवढं विचारा. प्रश्न विचारायला काही लागत नाही.

सूक्ष्मदर्शी
नुसताच_वाचक, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. भर घालते: यात शौचात अंडी नाहीत, अळ्या दिसतात, त्याही कधी दिसतात कधी नाही. एका तपासणीवर थांबू नये, रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी जास्त कामाची. आणि औषधही वेगळं, आयव्हरमेक्टिन.

अण्णा_उवाच
ज्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन आले तो सातोशी ओमुरा यांना जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत सापडला. २०१५ च्या वैद्यकातल्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना आणि विल्यम कॅम्पबेल यांना विभागून मिळाला. रोगही मातीत, औषधही मातीत.

सांख्यिकी_सदू
एवढं सगळं वाचून एक मूलभूत प्रश्न. सहा-सहा महिन्यांनी शाळेत सगळ्या मुलांना सरसकट गोळी देतात, त्याने काही होतं का? २००४ मध्ये मिगेल आणि क्रेमर या अर्थतज्ज्ञांचा केनियातल्या शाळांचा अभ्यास आला, गोळ्या दिल्यावर गैरहजेरी घटली म्हणून. २०१५ मध्ये इतरांनी तोच डेटा पुन्हा तपासला आणि मोठा वाद पेटला. कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) सगळे अभ्यास एकत्र केले तर सरसकट गोळ्यांनी वजन, हिमोग्लोबिन, शाळेतली प्रगती यांत म्हणण्यासारखा फरक दिसत नाही. मग कशाला?

पानगळ
सदू, जिच्या पोटात वीस जंत आहेत तिला फरक पडतोच की.

सांख्यिकी_सदू
तिला पडतो, मान्यच आहे. जिला आजार आहे तिच्यावर उपचार करा, त्यावर वाद नाही. सगळ्या वर्गाची सरासरी काढली की ती मुलगी त्यात बुडून जाते, हा माझाही आक्षेप आहे त्या आकड्यांवर. पण गोळी देऊन मोकळं व्हायचं आणि संडास बांधायचे नाहीत, याला माझा विरोध.

सूक्ष्मदर्शी
जागतिक आरोग्य संघटना सरसकट गोळी सगळीकडे द्या म्हणत नाही. २० टक्क्यांहून जास्त मुलांत लागण असेल तिथे वर्षातून एकदा, ५० टक्क्यांच्या वर दोनदा. मातीतून होणाऱ्या जंतांची लागण जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना आहे, प्रत्येकाचं शौच तपासत बसणं शक्य नाही. गोळी स्वस्त आणि सुरक्षित, म्हणून हा मार्ग. पण मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. माती तशीच राहिली तर मूल काही महिन्यांत पुन्हा तिथेच. तेव्हा संडासाबद्दल तुम्हाला +१.

शंकासुर
दोन लाख?? दिवसाला??

काडेपेटी
आणि आमच्या ऑफिसात एक रिपोर्ट काढायला आठवडा.

रिकामटेकडा७
कुत्र्यामुळे पण होतात ना जंत? आमच्याकडे नवीन पिल्लू आलंय.

खारा_वारा
कुत्र्याचा गोल जंत वेगळा, टोक्सोकारा. बऱ्याच पिल्लांना तो आईच्या पोटातच मिळतो. त्याचं अंडं माणसाच्या पोटात गेलं तर अळी आतड्यात मोठी होत नाही, यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात भटकत राहते. डोळ्यातली वाईट, दृष्टी जाऊ शकते. पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या आणि वेळापत्रकाप्रमाणे औषध द्या. विष्ठा लगेच उचला. ताजी असेल तर अंडी अजून पिकलेली नसतात. पिल्लू सोडून द्यायची गरज नाही.

मोरपिसारा
खूप दिवसांनी येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद वाचत होते, लिहायला वेळ झाला नाही.

खोकला दोनेक आठवड्यांत आपोआप थांबला, दुसरा एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टर बदलले नाहीत. स्टेरॉइडचं विचारलं, तर म्हणाले गरज नाही आणि तुम्ही विचारलंत ते योग्य केलंत. तारीख लक्षात ठेवून शौच पुन्हा तपासलं आणि यावेळी अंडी सापडली! अल्बेंडाझोल ४०० ची एक चघळायची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी बाथरूममधून हाक मारली, "आई, साप." फिकट गुलाबीसर, गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळता, माझ्या वितीपेक्षा लांब. हलत नव्हता. मीच जास्त ओरडले, तिने शांतपणे विचारलं याला नाव काय ठेवायचं.

आता प्रश्न: एवढा एकच पडला. बाकीचे आत असतील का?

सूक्ष्मदर्शी
नाव काय ठेवलंत ते सांगा आधी!

एकच असूही शकतो, आणि काही तुकडे होऊन नकळत गेलेलेही असतील. मोजणीवरून काही ठरत नाही. गोळीने जंताला साखर शोषता येत नाही, तो उपाशी पडून मोकळा होतो, म्हणून बाहेर यायला दोन-चार दिवस लागतात. डॉक्टर सांगतील तेव्हा शौच परत तपासा. अंडी नसली की विषय संपला. मधेच जोराचं पोट दुखलं, उलट्या झाल्या, पोट फुगलं तर मात्र थांबू नका. जंतांचा गुंता आतड्यात अडकू शकतो, एखादा पित्तनलिकेतही घुसतो. एकाच जंताच्या बाबतीत याची शक्यता कमी, पण माहीत असलेलं बरं.

मोरपिसारा
नाव ठेवलं नाही, ती वाट बघतेय. सासूबाईंनी मात्र गोडाचा डबा अजून वरच्या फळीवरच ठेवलाय.

पानगळ
मला बोलावलं नाहीस, मग असंच होणार.

कोवळं_ऊन
धागा सलग वाचला. माझी जाऊबाई गरोदर आहे, दुसरा महिना. घरातल्या मुलाला जंत निघाले म्हणून सगळ्यांनीच गोळी घ्यायची असं ठरतंय. तिने घ्यावी का?

सूक्ष्मदर्शी
पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल देत नाहीत. तिला आत्ता अजिबात देऊ नका आणि तिच्या डॉक्टरांना सांगा. जिथे लागण खूप आहे तिथे नंतरच्या महिन्यांत देतात, पण ते त्यांनी ठरवायचं. आणि मुलाला कोणते जंत निघाले? लांब गोल जंत असेल तर सगळ्या घराला गोळी हवीच असं नाही. बारीक पांढरे, रात्री खाज आणणारे असतील तर हवी. आधी ते बघून घ्या.

कोवळं_ऊन
बारीक पांढरे. रात्री खाज. तिला सोडून बाकी सगळे घेतो मग. चादरी आजच धुवायला टाकते.